शाळेत सप्ताह बसला

आमच्या गावात वर्षाला दोन सप्ताह बसतात. एक हनुमान जयंतीला, दुसरा श्रावणात. त्यामुळे 2024 च्या जुलैत हेडमास्तरांनी मारुतीच्या पारावर येऊन शाळेतही एक सप्ताह असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. विणेकरी बाबांनी तंबाखू मळता मळता एवढंच विचारलं, "काल्याचं कीर्तन कोनाचं हाय?"

हेडमास्तर म्हणाले, "बाबा, कीर्तन नाही. शिक्षण सप्ताह आहे. केंद्र सरकारचा."

"असू द्या ना सरकारचा. पन सातव्या दिवशी काला तं लागनच."

हेडमास्तरांनी खिशातून पत्राची घडी काढली आणि सातवा दिवस शोधला. समुदाय सहभाग दिवस. त्यात तिथी भोजन, म्हणजे गावकऱ्यांनी शाळेत द्यायचं जेवण. बाबांनी तंबाखूची चिमूट ओठात ठेवली आणि बाकीच्यांकडे अशा नजरेने पाहिलं की, सरकारला आता कुठे रीत कळायला लागली.

पत्राची हकीकत अशी. नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण केंद्रीय मंत्रिमंडळाने 29 जुलै 2020 रोजी मंजूर केलं. त्याला चार वर्षं होत होती म्हणून शिक्षण मंत्रालयाने देशभरच्या शाळांना 22 ते 28 जुलै असा आठवडा लावून दिला. सोमवारी अध्ययन-अध्यापन साहित्य, मंगळवारी पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, बुधवारी खेळ, गुरुवारी संस्कृती, शुक्रवारी कौशल्य आणि डिजिटल उपक्रम, शनिवारी पर्यावरण आणि पोषण, रविवारी समुदाय. धोरणाचं स्वतःचं वय चार, म्हणजे अंगणवाडीत जायचं. पण त्याचा वाढदिवस पहिली ते आठवीच्या पोरांनी करायचा होता.

पत्र लिहिणाऱ्याने कॅलेंडर पाहिलं असावं. वावर मात्र पाहिलेलं नव्हतं. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत. अजिंठ्याच्या डोंगरावर चढून आलं की घाटावर, पूर्णेच्या खोऱ्यात उतरलं की घाटाखाली. माती वेगळी, पाणी वेगळं, सोयरीक जुळवतानाही लोक घाट मध्ये आणतात. पण जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दिवसा घरी माणूस सापडणार नाही, यावर दोन्हीकडे एकमत आहे. सोयाबीनमध्ये डवरे चालू असतात, कपाशीत निंदण असतं, आणि निंदणाला बाया मिळवणं हे मुलीला स्थळ मिळवण्याहून अवघड होऊन बसतं. त्यातून त्या जुलैत 'माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज सुरू होते. ज्या बाया निंदणाला नव्हत्या त्या अंगणवाडीच्या ओसरीवर आधार कार्ड पदरात बांधून ओटीपीची वाट पाहत बसल्या होत्या.

मग समुदाय म्हणून उरलं कोण? विणेकरी बाबा, एक माजी सरपंच, गुडघ्यांमुळे वावर सुटलेल्या दोन आजीबाई आणि पेन्शन खाणारा मी. हेडमास्तरांनी आमच्या नावांना रजा दिली आणि आम्हाला सरसकट 'समुदाय' म्हणायला लागले. "समुदाय आला का रे? समुदायाला खुर्च्या द्या. समुदायाचा चहा बिनसाखरेचा आहे."

आता हरिनाम सप्ताहाचा एक नियम सगळ्यांना ठाऊक आहे. सात दिवस वीणा खाली टेकू द्यायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने ती गळ्यात घ्यायची. शाळेच्या सप्ताहात हा मान हेडमास्तरांच्या मोबाइलला मिळाला. रोजच्या उपक्रमाचे फोटो काढायचे, व्हिडिओ काढायचे, ते लिंकवर भरायचे, भरल्याचा स्क्रीनशॉट केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर टाकायचा. शिक्षक चार. चौघांनी पाळ्या लावून घेतल्या. एक शिकवायचा, एक पोरं आवरायचा, एक फोटो काढायचा आणि चौथा पाण्याच्या टाकीवर चढून रेंज शोधायचा, कारण आमच्या गावात इंटरनेट फक्त टाकीपर्यंत येतं, खाली उतरत नाही.

सोमवारी साहित्याचं प्रदर्शन होतं. आमची शाळा उच्च प्राथमिक. म्हातारी माणसं तिला अजून मिडल शाळा म्हणतात. विदर्भातल्या शाळा त्या वर्षी उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा पंधरवडाभर उशिरा उघडल्या होत्या, त्यामुळे पोरांच्या दप्तरांना अजून नव्या कापडाचा वास होता आणि काहींची पुस्तकं कव्हराविना होती. तरी प्रदर्शन झोकात मांडलं. दुसरीच्या वर्गाने पुठ्ठ्यावर ज्वारीचे दाणे चिकटवून एक ते दहा इंग्रजी अंक केले होते. रविवारी दुपारी सगळं तयार होतं. रात्री उंदरांनी आठाची डावी बाजू खाऊन टाकली. सकाळी पाहतो तर सातानंतर तीन.

तेवढ्यात केंद्रप्रमुख आले. तक्त्यापुढे उभे राहिले. चष्मा पुसला. "गुरुजी, हे काय?"

गुरुजींची चोवीस वर्षांची नोकरी. पापणीही न हलवता म्हणाले, "वजाबाकीचं साहित्य आहे साहेब. आठातून पाच गेले."

केंद्रप्रमुखांनी त्याचा स्वतंत्र फोटो घेतला.

सातवीने लोणार केलं होतं. साताऱ्याकडची पोरं किल्ला करतात, आमची लोणार करतात. प्रकल्प म्हटला की हात आपोआप चिखलाचा खड्डा खणायला लागतात. चिखलाचा कडा, त्यावर काळी खडी म्हणजे बेसॉल्ट, कागदी पाटीवर 'व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, उल्केच्या आघाताने निर्मिती'. इथपर्यंत एकमत होतं. मतभेद पाण्याच्या रंगावर झाला. 2020 च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हापासून जिल्ह्यातल्या प्रत्येक वर्गात एक गुलाबी गट आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून खारट पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आल्याचं सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. गुलाबी गटाची पुढारी असलेली एक मुलगी हे सगळं घडाघडा बोलत होती. समोरचा पोट्टा ऐकून घेतल्यावर म्हणाला, "माह्या मामाचं गाव हाय लोनार. मी दिवाईले गेलतो. हिरवं होतं."

शास्त्र आणि मामा असा सामना आपल्याकडे बरोबरीत सुटतो. त्यांनी आधी हिरवा रंग ओतला, मग गुलाबी ओतला, आणि जगात कुठल्याही सरोवराला आजवर न आलेला एक रंग तयार झाला. तो कडेतून झिरपून शेजारच्या टेबलावर निघाला. शेजारी सहावीने पुठ्ठ्याचा सिंदखेडराजाचा राजवाडा उभा केला होता. लखुजी जाधवांच्या वेशीपर्यंत पाणी पोचलं तशी चार पोरींनी आरडाओरडा करत राजवाडा उचलून डोक्यावर धरला. माजी सरपंच म्हणाले, "कोण म्हनते इतिहास-भूगोल एकच विषय हाय?"

मंगळवारचं संख्याज्ञान मी थोडक्यात उरकतो, कारण ते आजीबाईंनी थोडक्यात उरकलं. तिसरीच्या पोराला त्यांनी विचारलं, "तीन कोड्या आन् सात अंडे, किती झाले?" पोरगा म्हणाला, सदुसष्ट. मग त्यांनी केंद्रप्रमुखांना विचारलं, "अन् साहेब, साडेसहाले एक, तं पैसे किती?" साहेबांनी खिशातून मोबाइल काढला. मोबाइल उघडेपर्यंत आजीबाईंनी हिशोब सांगून टाकला होता, आणि साडेपाच रुपये सुटे नसतील तर पुढच्या खेपेत द्या, अशी सूटही दिली होती. त्याच दिवशी तिकडे संसदेत केंद्रीय अर्थसंकल्प मांडला जात होता. म्हणजे संख्याज्ञानाचा दिवस वरपासून खालपर्यंत पाळला गेला.

बुधवारी स्वदेशी खेळ. यादीत लगोरी, विटीदांडू, खो-खो वगैरे होते. खाली सूचना की विद्यार्थ्यांना या खेळांची ओळख करून द्यावी. ज्यांना ओळख करून द्यायची ती पोट्टी शाळा सुटल्यावर इट्टीदांडूने गावातल्या लाइटच्या बल्बांची ओळख करून घेत असतात. त्यामुळे ओळख गुरुजींचीच झाली. गुरुजींनी मोठ्या हौसेने आट्यापाट्या मांडल्या. चुन्याने पाट्या आखल्या. दहा मिनिटांत सर आली आणि सगळ्या रेषा मैदानात विरघळून गेल्या. काळी माती ओली झाली की ती पायाला सोडत नाही. धावणाऱ्या प्रत्येक पोराच्या तळव्याला शेरभर मैदान लागलं होतं. मग वाद सुरू झाला. पाटी इथून होती. नाही, इथून होती. तू रेघेच्या आत आलता. रेघ कुठी हाय दाखव.

इथे समुदाय खुर्चीवरून उठला. माजी सरपंच मैदानात उतरले. धुऱ्याचं भांडण हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. सख्ख्या चुलतभावाशी धुऱ्यावरून सुरू झालेला दावा त्यांनी जवानीत लावला तो अजून उभा आहे. त्यांनी धोतराचा सोगा वर खोचला, निंबाच्या झाडापासून पावलं मोजली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "जुना धुरा इथून गेलता." दोन्ही संघ गप्प झाले. एका पोराने विचारलं, "आजोबा, नकाशा हाय का?" त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते मूल्यशिक्षणाच्या तासात बसणारं नव्हतं. खेळ व्हरांड्यात आणून सागरगोट्यांवर संपवावा लागला. तिथे दोन आजीबाईंनी आठवीच्या मुलींना हरवलं. सप्ताहातला सर्वात चांगला फोटो तोच निघाला.

गुरुजींना वाटलं, गुरुवार सोपा जाईल. सांस्कृतिक दिवस, नाच बसवलेले होते, फेटे आणलेले होते. फक्त मंडपवाला तोच होता जो हरिनाम सप्ताहाला असतो. त्याने दुपारी चारला निंबाच्या झाडाला भोंगा बांधला, माइक फुंकला आणि सवयीने सुरू झाला: "हॅलो, हॅलो. सर्व भाविक भक्तांना कळविण्यात येते की..." पुढे काय कळवायचं हे त्याला आठवेना, म्हणून त्याने पेनड्राइव्हवरची गजानन महाराजांची भजनं लावली. वावरापर्यंत आवाज गेला. निंदणाच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं, खुरपी आवरली आणि 'सप्ताह बसला वाटते' म्हणत तासभर आधी गावात आल्या. ज्यांच्या शेतात त्या होत्या ते मालक अजून हेडमास्तरांशी नीट बोलत नाहीत.

पण त्यामुळे नाटुकल्याला प्रेक्षक मिळाले. एक रुपयात पीक विमा असा विषय होता. आठवीतला एक पोरगा शेतकरी झाला होता आणि दुसरा टाय लावून विमा कंपनीचा माणूस.

"साहेब, माही सोयाबीन वाहून गेली."

"72 तासांच्या आत कळवलं होतं का?"

"कळवाले गेलो साहेब, पन मोबाइल बी सोयाबीनसंगंच वाहून गेला."

"मग मोबाइलचा विमा होता का?"

हे पाठ करून आलेलं नव्हतं. गुरुजींनी लिहून दिलेल्या संहितेत शेतकरी शेवटी योजनेचे आभार मानतो. पोरं घरी जे ऐकतात तेच बोलली. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, पुरुष हसत नव्हते. त्या नाटुकल्याचा व्हिडिओ काही लिंकवर गेला नाही. त्या जागी समूहनृत्य गेलं.

शुक्रवारी कौशल्य आणि डिजिटल. गावच्या एका नोकरदार माणसाने शाळेला मोठा टीव्ही दिलेला आहे. टीव्हीवर शैक्षणिक व्हिडिओ दाखवायचा, पोरांनी पाहायचा, पाहताना त्यांचा फोटो काढायचा, असा बेत होता. साडेदहाला लाइट गेली. अकराला 'लाइनमन निघाला' असा निरोप आला. बारा वाजले तरी निरोपच तेवढा पोचला होता, लाइनमन वाटेत राहिला असावा. हेडमास्तरांनी बंद टीव्हीसमोर पोरं बसवून फोटो काढायचं ठरवलं, तर मोबाइलवर सात टक्के. इथे खरी पंचाईत झाली. शुक्रवारी वीणा खाली टेकते की काय!

मग मागच्या बाकावरून एक पोरगा उठला. अभ्यासात यथातथा. उपस्थितीत त्याहून कमी, कारण फवारणीच्या दिवसांत बापाला मदत लागते. घरी जाऊन तो बॅटरीवरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन आला. मोटारसायकलच्या हँडलला लावतात तो मोबाइलचा चार्जर त्याने खिशातून काढला. पंपाचं झाकण उघडलं, बॅटरीच्या दोन वायरी मोकळ्या केल्या, दातांनी सोलल्या, जोडल्या. मोबाइलने 'टुंग' केलं. केंद्रप्रमुख खुर्चीवरून अर्धे उठले.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"कोनी नाही. बारा व्होल्टची बॅटरी हाय, बारा व्होल्टचा चार्जर हाय. लागनच ना."

पंपातून औषधाचा थोडा वास येत होता, पण कोणाची तक्रार नव्हती. आता गंमत पाहा. त्या दिवशीच्या कौशल्य विभागात कागदी लिफाफे आणि मातीच्या पणत्या करणं असं आधीच कळवून ठेवलेलं होतं. म्हणून तो पोरगा मोबाइल चार्ज करत असताना बाकीच्यांनी लिफाफे केले, आणि चार्ज झालेल्या मोबाइलने लिफाफ्यांचे फोटो काढण्यात आले. पोराचा फोटो निघाला नाही. पंप मोकळा करून तो संध्याकाळच्या फवारणीला निघून गेला.

शनिवारी 'एक पेड माँ के नाम'. ही मोहीम त्याच वर्षी 5 जूनला सुरू झालेली. आईसोबत झाड लावायचं आणि फोटो काढायचा. आई वावरात. म्हणून काही पोरं रोपं घेऊन वावरातच गेली. तिथे आयांचं म्हणणं, धुऱ्यावर झाड लावू नको, सावलीनं दोन तासं सोयाबीन जाते. घराजवळ लाव. घराजवळ शेळ्या. शाळेमागे लावली तर तिथे गावभरच्या शेळ्या. शेवटी शाळेमागेच लावली, बोराट्या आणून कुंपण केलं. एकीने मुलाला बजावलं, "माह्या नावानं लावू राह्यला ना? मंग पानीही तूच घालजो. मले सांगू नको." पाचवीने बाटली कापून पर्जन्यमापक केला होता. तो पाहून विणेकरी बाबा म्हणाले, भेंडवळच्या घटमांडणीत काय निघालं होतं ते आधी पाहा, मग बाटली लावा. जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ. अक्षय्य तृतीयेला तिथे शेतात घट मांडून धान्य ठेवतात आणि दुसऱ्या पहाटे त्यावरून पीकपाणी सांगतात. मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. पोराने विचारलं, "बाबा, भेंडवळवाले मिलिमीटरमधी सांगतात का?" बाबांनी त्याला त्या दिवशी खडीसाखर दिली नाही. पोषण आहारात मोड आलेल्या मटकीची उसळ होती. ती नेहमीसारखीच चांगली होती, स्वयंपाकीण ताईंचा पगार नेहमीसारखाच थकला होता.

आणि मग रविवार. सुट्टीच्या दिवशी शाळा भरवायची म्हणून तालुक्याहून जाणं-येणं करणारे गुरुजी तोंड पाडून आले. हेडमास्तरांचा अंदाज पन्नास ताटांचा होता. आम्हा पाच जणांचा समुदाय आणि पोरं. पण शनिवारी रात्रभर पाऊस लागला. वावरात पाय ठेवता येईना. वापसा नाही म्हणजे डवरे बंद, निंदण बंद, फवारणी बंद. सकाळी नऊला अख्खं गाव मोकळं, आंघोळ करून, टोप्या घालून शाळेच्या फाटकात हजर. जे सात पानांच्या पत्राला जमलं नाही ते एका पावसाने केलं.

हेडमास्तरांना घाम फुटला. गावाला फुटला नाही. सप्ताहाचा काला कसा करायचा हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. कोणी कट्टाभर कणीक आणली, कोणी तेलाचा डबा, कोणी गाडीवर वांग्याचं पोतं. मारुतीच्या देवळातल्या कढया आल्या. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पुरी आणि वांग्याची भाजी वाढतात. आमच्या भागात कुठलीही पंगत असली की लोक तिची तुलना त्या पंगतीशीच करतात. "हिवऱ्याच्या भाजीले चव वेगळी राह्यते" असं म्हणत म्हणत तिसरी वाढ घ्यायची, ही पद्धत.

जेवणाआधी हेडमास्तरांचं भाषण. विषय राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. ते उभे राहिले तर शेजारी भजनी मंडळ टाळ घेऊन उभं. पाच अधिक तीन अधिक तीन अधिक चार अशी नवी रचना त्यांनी समजावायला घेतली आणि दमले म्हणून जरा थांबले, की मागून टाळ वाजायचे. दोनदा असं झाल्यावर हेडमास्तरांनाही लय सापडली. आवाज चढला, हात वर गेला. धोरणातला मातृभाषेचा मुद्दा तर त्यांनी असा आळवला की दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. शेवटी 'पुंडलिक वरदे' झालं आणि केंद्रप्रमुखांनी मोबाइल वर धरून तेही घेतलं.

पंगती उठल्या. आता सप्ताहाच्या शेवटी जे होतं तेच झालं. विणेकरी बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या शाळेच्या सप्ताहाची पंगत कोनाची?" तिघे एकदम उठले. भांडणापर्यंत गेलं. माजी सरपंचांनी तेल घेतलं, त्यांच्या चुलतभावाने लगेच गूळ घेतला. बाबा वहीत लिहून घेत होते.

हेडमास्तर घाबरून पुढे आले. "अहो, पुढच्या वर्षी हा सप्ताह असेल की नाही, मला माहीत नाही. वरून पत्र आलं तर..."

"पत्राचं तुमी पाहा," बाबा वहीतून मान वर न करता म्हणाले, "वांगे मी सांगून ठेवतो."